वापसा

भोकरदनमधल्या एका शेतकऱ्याच्या घरात दिवाळीनंतर मनीप्लांट आला. कॉलेजात जाणारी नात सुट्टीत छत्रपती संभाजीनगरला मामाकडे गेली होती. तिथल्या नर्सरीतून तिने तो घेतला आणि एसटीत मांडीवर धरून घरी आणला. त्या घराला झाडं नवी नव्हती. अंगणात तुळस, परसात शेवगा आणि गावाबाहेरच्या काळ्या जमिनीत कपाशी, मका, सोयाबीन. पण छपराखाली, फळीवर ठेवायचं झाड हा प्रकार पहिलाच. एखादी जिवंत गोष्ट सर्वस्वी आपली म्हणून हातात येण्याची नातीचीही ती पहिलीच वेळ.

नर्सरीच्या काळ्या पिशवीत झाड तिला बरं दिसेना. तिने बाजारातून चिनी मातीची पांढरी, देखणी कुंडी आणली. कुंडीला खाली भोक नव्हतं. ते तिला सोयीचंच वाटलं, कारण फळीवर पाणी गळणार नव्हतं. मातीचा प्रश्न आजीने सोडवला.

"विकतची माती कशाला गं? आपल्या रानातली आण. तसली माती कुठं मिळती का?"

भावाने मोटारसायकलवरून पोतंभर माती आणली. ढेकळं फोडून ती कुंडीत चांगली दाबून भरली, झाड लावलं, वरून तांब्याभर पाणी घातलं आणि कुंडी टीव्हीशेजारी ठेवली. खिडकी तिथून बरीच लांब होती.

आजीचं मातीबद्दलचं म्हणणं खोटं नव्हतं. पाऊस चांगला झाला की तिथली काळी जमीन पुढचे कितीतरी दिवस ओल धरून ठेवते, आणि त्या ओलीवरच आपल्याकडची रब्बीची ज्वारी, हरभरा उभा राहतो. पण ही माती अतिशय बारीक कणांची. पाणी पिऊन ती फुगते आणि कणांमधल्या फटी बुजतात. रानात हे चालून जातं. तिथे उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, गांडुळं बिळं करतात, नांगर फिरतो, खाली पाण्याला वाट असते. त्या सगळ्यातून हवा आत शिरते. तीच माती भोक नसलेल्या कुंडीत दाबून भरली की तिला भेग पडायला सवड नाही आणि पाण्याला जायला वाट नाही. वरून घातलेलं पाणी तळाशी साचतं आणि तिथेच राहतं.

झाडाचं कौतुक सगळ्यांनाच होतं, आणि प्रत्येकाने ते आपापल्या परीने केलं. नात कॉलेजला जाताना ग्लासभर पाणी घालायची. आईच्या वाचनात कुठेतरी आलं होतं की चहाचा चोथा झाडांना चांगला, म्हणून गाळणीतला साखर-दुधाचा चोथा ती कुंडीत टाकायची. मक्यासाठी आणलेल्या पोत्यातला चिमूटभर युरिया भावाने एकदा टाकला आणि पान तरारलेलं दिसेना म्हणून पुन्हा एकदा टाकला. आणि पहाटे, घर झोपेत असताना, आजी उठून तांब्यातलं उरलेलं पाणी कुंडीत ओतायची. आपण देतोय हे कोणी कोणाला सांगितलं नाही. लपवायचं असं काही नव्हतं. झाडाकडे आपलंच लक्ष आहे, बाकीच्यांना वेळ कुठे, असं प्रत्येकाला वाटत होतं.

आजीच्या पाण्याला मात्र वेगळं कारण होतं. 1972 च्या दुष्काळात ती नवी नवरी होती. दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली होती, सुकडी खाल्ली होती, परदेशातून आलेल्या तांबड्या मिलोच्या भाकरी थापल्या होत्या. घागरभर पाण्यासाठी कोरड्या विहिरीच्या तळाशी वाटीने पाणी भरणारी माणसं तिने पाहिली होती. तिच्या हिशेबात पाणी देण्याहून मोठं देणं नव्हतं. दाराशी कोणी आलं की आधी पाण्याचा तांब्या, मग नाव-गाव. पान मान टाकताना दिसलं आणि आपण पाणी दिलं नाही, हे तिच्या हातून होणं शक्यच नव्हतं.

द्यायची सवय तशी या गावाला फार जुनी आहे. केळना नदीकाठचं हे भोकरदन सातवाहनांच्या काळात भोगवर्धन म्हणून नांदत होतं, आणि सांची-भारहूतच्या स्तूपांना दान देणाऱ्यांमध्ये भोगवर्धनच्या माणसांचा उल्लेख दगडात कोरलेला आहे. त्या गावातल्या एका घरात चार माणसं एका कुंडीला मनापासून देत होती, आणि कुंडीतलं झाड दिवसेंदिवस खंगत होतं.

डिसेंबरात खालची पानं पिवळी पडली. मग काहींच्या टोकांना तपकिरी डाग आले. कुंडीभोवती बारीक चिलटं घोंगावू लागली. नातीने मोबाइलवर शोधलं. एकाने सांगितलं रोज पाणी घाला, दुसऱ्याने आठवड्यातून एकदा, तिसऱ्याने पानांवर फवारा मारा, चौथ्याने कुंडी आग्नेय दिशेला ठेवा. तिने प्रत्येकाचं थोडंथोडं ऐकलं. नवख्या माणसाचं असंच होतं. काय करावं हे सांगणारे पुष्कळ भेटतात. आपल्या समोरच्या कुंडीत आत्ता काय चाललंय हे बघायला शिकवणारं कोणी भेटत नाही.

एक मात्र तिला वाचनातून खरं कळलं. हा वेल मूळचा प्रशांत महासागरातल्या मोरेआ नावाच्या बेटावरचा. तिथल्या दमट जंगलात तो मोठ्या झाडांवर चढतो आणि त्याची पानं आपल्या घरातल्या पानांच्या कितीतरी पट मोठी होतात. हे वाचून तिला वाटलं, पावसाळी जंगलातलं झाड आहे, आपल्या कोरड्या भोकरदनात त्याला पाणी कमी पडत असणार. तिने एका ग्लासाचे दोन केले. जंगलात पाऊस पडला तरी ते पाणी झाडाच्या सालीवरून आणि पालापाचोळ्यातून वाहून जातं, मुळांना लगेच वारा लागतो, ही त्या माहितीची दुसरी बाजू तिच्यापर्यंत पोचलीच नाही.

संक्रांतीच्या सुमारास झाडाने मान टाकली. सगळे देठ लोंबले. सकाळी चहाच्या वेळी आजी कुंडीपाशी उभी राहून म्हणाली, "पानं माना टाकायलीत, अन् तुम्ही चहा पीत बसलात व्हय? पाणी घाला की गं कुणीतरी."

नात पाणी आणायला उठली. तेवढ्यात कोपऱ्यात बसलेले वडील म्हणाले, "थांब जरा."

घरातल्या साऱ्यांनी त्यांच्याकडे वळून पाहिलं. झाडाच्या बाबतीत ते इतक्या दिवसांत एक शब्दही बोलले नव्हते, आणि का बोलत नाहीत ते सगळ्यांना माहीत होतं. त्यांची एकरभर मोसंबीची बाग होती. सहा बाय सहा मीटरवर लावलेली, एकशेदहाच्या आसपास झाडं. 2012 च्या पावसाळ्याने जालना जिल्ह्याला दगा दिला आणि पुढच्या उन्हाळ्यात जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. त्यांनी विकतचे टँकर आणले, कर्ज काढलं, खोडाभोवती पाचट पसरलं. शेवटी टँकरही मिळेना. वाळलेली झाडं त्यांनी स्वतःच्या हाताने तोडली आणि त्या जागी कपाशी लावली. त्यानंतर फळझाडाचा विषय त्यांनी घरात निघू दिला नव्हता.

ते उठले. कुंडी दोन्ही हातांनी उचलून पाहिली आणि परत ठेवली. मग तर्जनी मातीत दोन पेरं खुपसली, बाहेर काढून बोटाला लागलेला चिखल अंगठ्याने चोळला आणि नाकाशी नेला.

"माय, ह्याला तहान नाही लागलेली," ते म्हणाले. "ह्याची मुळं कुजायलीत. वास बघ."

आजीने वास घेतला. आंबूस, गटारीच्या कडेला येतो तसा.

"मग पानं कशापायी सुकली?" तिने विचारलं.

हा प्रश्न साधा नाही. झाड पाण्यावाचून कोमेजलं तरी पानं लोंबतात आणि पाण्यात बुडालं तरी लोंबतात. मुळांनाही प्राणवायू लागतो. त्यांना तो मातीच्या कणांमधल्या पोकळीतून मिळतो. त्या पोकळ्या पाण्याने भरल्या की हवा तिथवर पोचत नाही, कारण पाण्यातून प्राणवायू हवेच्या मानाने सुमारे दहा हजार पट मंद गतीने पसरतो. गुदमरलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही. म्हणजे भोवती पाणीच पाणी असताना पानापर्यंत थेंब जात नाही. वरून बघणाऱ्याला दिसतं तहानलेलं झाड. तो दयेने आणखी पाणी घालतो.

वडिलांनी हे त्यांच्या भाषेत सांगितलं. पेरणीआधी रानात जाऊन मूठभर माती दाबून बघतात. लाडू होऊन तसाच चिकटून राहिला तर रान ओलं आहे, अजून थांबायचं. दाबल्यावर लाडू होतो पण बोट लावताच भुगा होतो, तेव्हा वापसा आला. ओल आणि हवा दोन्ही असल्याशिवाय मूळ चालत नाही. "ही कुंडी लावल्यापासून एकदाही वापशावर आली नसंल," ते म्हणाले. "एवढं पाणी कोण घालतंय?"

नात म्हणाली, "मी. सकाळी." आजी काही वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "मी बी घालते. पहाटे." मग आईने चोथ्याचं सांगितलं, भावाने युरियाचं.

आजी खाली बसली. "म्हंजे म्याच मारलं का रे त्याला?"

वडिलांनी लगेच उत्तर दिलं नाही. मग त्यांनी जे सांगितलं ते घरात कोणीच ऐकलेलं नव्हतं. बाग वाळली ती दुष्काळात, हे खरं. पण त्याआधीच्या चांगल्या पावसाच्या एका वर्षी त्यांची काही झाडं डिंक्याने गेली होती. आळं खोडाला लागूनच केलं होतं, पाणी खोडापाशी साचून राहिलं, साल तडकून डिंक वाहायला लागला आणि झाडं पिवळी पडत मेली. हा रोग फायटोफ्थोरा नावाच्या, ओलीत वाढणाऱ्या बुरशीसारख्या जीवाचा. त्याच्याच एका भाईबंदाने 1845 पासून आयर्लंडमधला बटाटा सडवला आणि तिथे मोठा दुष्काळ पडला. पुढे त्यांनी दुहेरी आळी केली, म्हणजे आतलं आळं कोरडं आणि पाणी बाहेरच्या गोलात, आणि खोडांना मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावली. मग बाग सावरली.

"दुष्काळात गेलेली झाडं साऱ्या गावानं बघितली," ते म्हणाले. "पाण्यानं गेलेली मी कुणाला सांगितली नाहीत. पाण्यापायी झाड मेलं म्हणून सांगायला जीभच उचलत नव्हती."

मला या गोष्टीत हे वाक्य सगळ्यांत मोलाचं वाटतं. टंचाईच्या मुलखात टंचाईने झालेलं नुकसान सगळ्यांना समजतं, त्याच्याबद्दल बोलता येतं, त्याला पंचनामाही असतो. जास्त दिल्याने झालेलं नुकसान कोणी बोलून दाखवत नाही, म्हणून त्याचं शहाणपण पुढच्या पिढीकडे जात नाही. या घरात मोसंबीला ताण देणारा माणूस बसला होता. आंबे बहार धरायचा तर डिसेंबरात पाणी तोडतात. हलक्या जमिनीत महिनाभर, भारी काळ्या जमिनीत दीड-दोन महिने. पानं पिवळी होतात, गळतात, आणि बागवान काळजावर दगड ठेवून रोज बागेत जातो, निरखतो, पण पाणी सोडत नाही. मग हलकं पाणी देऊन ताण तोडला की फुलं लागतात. पाणी कधी द्यायचं नाही, याची एवढी विद्या घरात असताना नात मोबाइलवर परक्यांना विचारत होती. चूक तिची नाही. आपल्या जाणत्या माणसाने दुःखापायी तोंड मिटून घेतलं होतं.

अंगणात पोतं पसरून त्यांनी झाड कुंडीतून काढलं. मातीचा घट्ट गोळा पाण्याच्या बादलीत बुडवून हलकेच सोडवला. बरीच मुळं काळी-तपकिरी आणि बुळबुळीत झाली होती. चिमटीत धरून ओढलं की वरची साल निघून यायची आणि आतला दोरा हातात राहायचा. पांढरी मुळी शोधूनच काढावी लागली. कुजलेलं सगळं त्यांनी गरम पाण्यात धुतलेल्या ब्लेडने कापलं. मग दोन निरोगी फांद्या निवडून, जिथून हवाई मुळाचा कोंब फुटतो त्या पेराखाली छाटल्या आणि म्हणाले, "ह्या बाटलीत पाण्यात ठेव."

नात चकित झाली. "पाण्यात? पाण्यानेच मेलं ना हे?"

वडील हसले. "लोक ठेवतात बाटलीत, जगतं बी. का जगतं ते तू शोध. तुझं शिक्षण कशासाठी हाय मग?"

तिने शोधलं, आणि या खेपेला नीट शोधलं. बाटलीतलं पाणी स्वच्छ असतं, वरून हवेला उघडं असतं, चार-पाच दिवसांनी बदललं की त्यात विरघळलेला प्राणवायू पुन्हा भरतो. त्या पाण्यात नव्याने फुटणारी मुळं पहिल्यापासून पाण्यात राहायच्या बेतानेच घडतात. मातीत वाढलेलं मूळ वेगळं. आणि चिखलाच्या पाण्यात चोथा, कुजकी मुळं आणि त्यांच्यावर जगणारे असंख्य सूक्ष्मजीव असतात, ते उरलासुरला प्राणवायू संपवून टाकतात. तिने हे आजीला समजावून सांगितलं. आजीला प्राणवायू फारसा कळला नाही, पण साठवणीचं शिळं पाणी आणि वाहतं पाणी यांतला फरक तिला कोणी शिकवायची गरज नव्हती.

उरलेलं मूळ झाड त्यांनी भोकं असलेल्या साध्या प्लॅस्टिकच्या कुंडीत लावलं. माती तीच, पण निम्म्याहून कमी; बाकी कोकोपीट, बांधकामाची उरलेली जाड वाळू आणि मुरलेलं शेणखत. कुंडी खिडकीजवळ आली, थेट ऊन लागणार नाही पण उजेड मिळेल अशी. कारण उजेड कमी असला की पान काम कमी करतं, पाणीही कमी पितं, आणि माती ओली ती ओलीच राहते. शेळी तिथवर पोचणार नाही हेही पाहिलं, कारण मनीप्लांटचा चीक तोंडाची आग करतो.

मग प्रश्न आला पाणी कोणी घालायचं. आईला वाटलं, आजीला आता कुंडीपासून लांब ठेवावं. वडील म्हणाले, "बागेत पाणी धरणारा माणूस एकच असतो. इथं माय धरंल."

नियम एकच ठरला. आजीने रोज सकाळी बोट दोन पेरं मातीत घालायचं. ओल लागली तर तांब्या खाली ठेवायचा. कोरडं लागलं तर खालच्या भोकातून निथळेपर्यंत पाणी द्यायचं आणि बशीत साचलेलं ओतून टाकायचं. बाकी कोणी काही घालायचं नाही. विचारायचं असेल तर आजीला विचारायचं.

पहिले दिवस आजीला फार जड गेले. बोट ओलं निघायचं आणि समोर पान लोंबलेलं असायचं. तिचा हात तांब्याकडे जायचा आणि थांबायचा. तिथे उभं राहून ती झाडाशी बोलायची, पान पुसायची, आणि निघून जायची. देण्याची सवय मोडून बघण्याची सवय लावून घ्यायला त्या वयात मोठं धैर्य लागतं. उपाशी ठेवणारा कठोर म्हणवला जातो, पाजणारा प्रेमळ. हा शिक्का तिने आयुष्यभर ऐकलेला होता. तिने तो बाजूला ठेवला, कारण बोट काय सांगतंय हे आता तिला कळत होतं. कधी कधी नात घाई करायची, "आजी, आज घालू का?" आणि आजी म्हणायची, "वापसा आला नाही अजून."

कुंडीतलं मूळ झाड वाचलं नाही. फेब्रुवारीत त्याचं शेवटचं पान गळलं, देठ मऊ पडला. मुळं फार आधीच गेली होती आणि त्यांना ओळखायला उशीर झाला होता. नात रडली. वडिलांनी तिची समजूत घालायची घाई केली नाही. तिच्याबरोबर तो देठ उकिरड्यावर टाकून आले.

बाटलीतल्या दोन्ही फांद्यांना मात्र पेरापाशी पांढरी मुळं फुटली. बोटाएवढी झाल्यावर त्या त्याच प्लॅस्टिकच्या कुंडीत लावल्या. पाण्यातून मातीत आल्यावर त्या थोड्या कोमेजल्या, पण घाबरून कोणी तांब्या उचलला नाही. होळीनंतर नवं पान उलगडलं. पांढऱ्या कुंडीला भावाने ड्रिलने तळाशी तीन भोकं पाडली. त्यात आता अंगणातल्या तुळशीचं रोप आहे. आणि वडील अलीकडे जेवताना मोसंबीच्या बागेच्या गोष्टी सांगतात: कुठलं कलम कुठून आणलं, कोणत्या झाडाला फळ गोड होतं, कोणत्या वर्षी काय चुकलं. नात त्या वहीत लिहून घेते.

तुमच्या घरात एखादं झाड आज मान टाकून बसलं असेल तर लगेच पाणी घालू नका. कुंडी उचलून तिचं वजन बघा. बोट दोन पेरं मातीत घाला. कुंडीला खाली भोक आहे का ते पाहा, नसेल तर आजच पाडून घ्या. आणि घरात आणखी कोण कोण त्याला पाणी घालतंय, तेही विचारा.